रोहिणीचं पाणी आणि वैशाखातली पौर्णिमा

वैशाख लागला की नांदेड-लातूरच्या वस्त्यांमधून पंचशील झेंड्यांच्या पताका लागायला सुरुवात होते आणि विहाराच्या पायऱ्यांवर दरसालचा वाद रंगतो. बुद्धपौर्णिमा साजरी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? हा वाद मी इतक्या विहारांत ऐकलाय की तो आता एका घरात नेऊन बसवतो. मामा नांदेडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. भाची लातूरला सरकारी दवाखान्यात सिस्टर. दोघांच्याही घरात बाबासाहेबांचं ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आहे. मामांच्या प्रतीची शिवण उसवलेली, भाचीची प्लॅस्टिकच्या कव्हरात. पात्रं माझी, म्हणणं मात्र लोकांचं.

भाची : मामा, पोरं वर्गणीची पावती फाडून गेली. मी विचारलं, डीजे आहे का? तर म्हणाले, आहे की ताई, यंदा मोठा सांगितलाय. मी पैसे दिले, पण म्हटलं, हे विहाराच्या बोअरला लावा.

मामा : आणि ते लावणार! कामून भांडायलीस पोरांसंग? वाजू दे की एक दिवस.

भाची : एक दिवस कुठला? चौदा एप्रिलला वाजतोच, त्याला मी कधी नाही म्हटलं? पण बुद्धपौर्णिमेला तरी नको. त्या दिवशी मी पहाटे पांढरी साडी नेसून विहारात जाते. त्रिशरण, पंचशील, वंदना होते. मग भन्तेंकडून अष्टशील घेते. दुपारी बाराच्या आत जेवते, त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न घेत नाही. संध्याकाळी परित्राणपाठ असतो. तेवढ्यात बाहेर पोरांचा डीजे आला की भन्तेंचा आवाज माझ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

मामा : बारानंतर अन्न नाही. म्हणजे एकादशीच की.

भाची : मामा!

मामा : मग काय म्हणू? माझ्या आईनं देव्हाऱ्यातले टाक गोदावरीत सोडले. चतुर्थी, एकादशी, सगळं त्यांच्याबरोबर वाहून गेलं. तू ते पांढऱ्या साडीत गुंडाळून परत घरात आणायलीस. ज्या माणसानं वर्षानुवर्षं शरीर जाळलं, बरगड्या मोजता येतील एवढा वाळला, आणि मग सुजाताच्या हातची खीर खाऊन ‘हा रस्ता नव्हे’ असं ठरवलं, त्याच्या जयंतीला उपास?

भाची : उपास कोण करतंय? बारापर्यंत पोटभर जेवायचं असतं. एरवी ड्युटीवर मी उभ्या-उभ्या बिस्किटं खाते. त्या एका दिवशी बसून, चावून जेवते. बाकीच्या शीलांत काय आहे? हार-अत्तर नाही, नाचगाणं नाही, उंच गादी नाही. एक दिवस भिक्खूच्या नियमांनी राहून बघायचं. त्यानं पाऊस पडतो किंवा नवऱ्याचं आयुष्य वाढतं असं मला कुणी सांगितलेलं नाही.

मामा : आणि ती पांढरी साडी?

भाची : गृहस्थ उपासकांचा तो जुना वेश. पण त्याहून मोठी गोष्ट आमच्या विहारात दिसते, ती तुमच्या लक्षात आलेली नाही, कारण तुम्ही पुरुषांच्या बाजूला बसता. त्या दिवशी सगळ्याच बायका पांढऱ्यात असतात. नवी नवरी, चार लेकरांची आई, नवरा गेलेली, सगळ्या. कोण सवाशीण नि कोण नाही, हे रंगावरून सांगता येत नाही. आपल्या मराठवाड्यात बाकी कुठल्या सणाला असं होतं ते सांगा. हळदी-कुंकवाला होतं?

मामा यावर गप्प राहिले. त्यांच्या जागी मीही राहिलो असतो. चालीरीतींवर टीका करताना आपण बहुतेक वेळा पुरुषांच्याच बाजूला बसलेले असतो.

मामा : बरं, साडी सोड. मूळ मुद्द्यावर ये. लुंबिनीत जन्म, बोधगयेला ज्ञान, कुशीनगरला महापरिनिर्वाण, आणि ऐंशी वर्षांच्या आयुष्यातल्या या तिन्ही घटना एकाच पौर्णिमेला? मी गणिताचा मास्तर. मला पटत नाही. ह्युएन त्संग सातव्या शतकात इथं आला, त्यानंही लिहून ठेवलंय की तिथींबद्दल पंथापंथांत एकमत नव्हतं. जपानात जन्मदिवस आठ एप्रिलला करतात. मग आपण याच चांदण्याला का धरून बसायचं?

भाची : तारखेसाठी मी भांडणार नाही. श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड तिन्ही घटना याच दिवशी मानतात, आपण त्यांच्याकडून घेतलं. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही हाच दिवस मान्य केला. पण मला एवढंच कळतं की पौर्णिमेला कॅलेंडर लागत नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही आकाशात दिसायची. आणि दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून रात्री प्रवचनाला गेलेल्या माणसाला चांदण्यात घरी परतता यायचं.

मामा : छान सांगितलंस, पण अर्धंच. पौर्णिमेला जमायची चाल बुद्धाची नव्हेच. विनयपिटकातला महावग्ग वाच. दुसऱ्या पंथांचे परिव्राजक अष्टमीला, चतुर्दशीला, पौर्णिमेला जमायचे, उपदेश करायचे, लोक त्यांच्यामागं जायचे. ते बघून मगधाच्या बिंबिसार राजानं सुचवलं की आपल्या भिक्खूंनीही या दिवशी जमावं. बुद्ध हो म्हणाला. उसनी चाल आहे, बाई!

भाची : मग तर माझंच खरं झालं. बुद्धानंच दुसऱ्याची चाल उचलली आणि तीत आपला विचार भरला. मी फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती घेते तेव्हा तुम्ही म्हणता, हे जुनंच परत आलं. चाल कुठून आली याचा त्याला विटाळ नव्हता, तुम्हाला का?

मामा : थांब, गोष्ट पुरी ऐक. राजाच्या सांगण्यावरून भिक्खू जमले आणि तोंड मिटून बसले. लोक धम्म ऐकायला आलेले. ते वैतागले. म्हणाले, हे काय, मुक्या डुकरांसारखे बसलेत! तेव्हा बुद्धानं सांगितलं, जमाल तेव्हा धम्मावर बोला. म्हणजे तुझ्या त्या शांततेबद्दल अडीच हजार वर्षांपूर्वी तक्रार नोंदवलेली आहे.

भाची हसली. हा मुद्दा मामांनी राखून ठेवला असावा. एक मात्र खरं, की प्रश्न विचारून समोरच्याला कोंडीत पकडायची ही रीत बौद्धांना नवी नाही. मिलिंद राजानं भदन्त नागसेनांना असंच छळलं होतं, आणि बाबासाहेबांनी औरंगाबादेत मराठवाड्यातल्या पोरांसाठी कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं ते या प्रश्न विचारणाऱ्या राजाचं.

भाची : बरं, बोलायचं मान्य. पण डीजे म्हणजे बोलणं नव्हे. आणि मूर्तीपुढं वाकलं की तुमच्या कपाळाला आठी पडते, तीही सोडा. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली मूर्ती बाबासाहेबांनी स्वतः बसवली. ‘बौद्ध पूजापाठ’ पुस्तिका त्यांचीच. माणसं नुसत्या पुस्तकावर जगत नाहीत, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मामा : मान्य. पण त्यांनी बुद्धजयंती दार लावून केली नाही. १९५६ ची बुद्धजयंती, २४ मे. मुंबईचं नरे पार्क. उघड्या मैदानावर हजारोंसमोर त्यांनी सांगितलं की ऑक्टोबरमध्ये मी बौद्ध होणार. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली तेव्हा आपलं नांदेड हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेल्या हैदराबाद राज्यात होतं. तुझं लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. एक नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यात आलो. आपल्या लोकांनी आधी धर्म बदलला आणि मग राज्य बदललं, अठरा दिवसांच्या फरकानं. आणि या साऱ्या गोष्टी मोठ्यानं सांगून झाल्या. लपून नाही.

भाची : मोठ्यानं सांगणं वेगळं…

मामा : ऐक. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव केला. मी तेव्हा कॉलेजात. मराठवाडा पेटला. बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. पुढं १९९३ मध्ये इथं नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत कितीतरी गावांतल्या बुद्धजयंत्या विहारात, खालच्या आवाजात झाल्या. ती शांतता मी बसून काढलीय. तिला ध्यान म्हणत नाहीत. आणि हे जुनं झालं म्हणशील, तर नांदेडला खेटून असलेल्या बोंढार हवेलीत जून २०२३ मध्ये एका पोराचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती काढल्याचा राग धरून मारलं, अशी घरच्यांची फिर्याद. म्हणून गावच्या मुख्य रस्त्यानं पांढऱ्या कपड्यांतली मिरवणूक गेली की मला बरं वाटतं. ती मिरवणूक सांगते की हा रस्ता आमचाही आहे. ते वंदनेनं सांगता येत नाही.

हे मामांचं सगळ्यात भक्कम म्हणणं आहे आणि भाचीलाही ते खोडता येत नाही, असं मला दिसतं. शहरातल्या कॉलनीत राहून मिरवणुकीला नाकं मुरडणं सोपं. ज्या गावात तो रस्ताच कालपरवापर्यंत बंद होता, तिथं मिरवणूक हाच विधी असतो. भाची वाद सोडत नाही. ती दुसरीकडून येते.

भाची : मामा, तो रस्ता आपला आहे, आणि त्या रस्त्यावरचा नळ? २०१६ आठवतं का तुम्हाला?

मामा : लातूरची पाण्याची रेल्वे. न आठवायला काय झालं?

भाची : मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये टाक्यांजवळ १४४ कलम लावलं, भांडणं होऊ नयेत म्हणून. बारा एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणींची, एकेकीत पन्नासेक हजार लिटर. दोनच दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती. आणि २१ मेला बुद्धपौर्णिमा. वॉर्डात जुलाबाची लेकरं, नळाला पाणी नाही. विहारात आम्ही भोजनदान केलं ते पत्रावळींवर, कारण ताटं धुणार कशानं? पिंपळाला पाणी घालायची आपली रीत आहे ना, बोधिवृक्ष म्हणून. एक म्हातारी घरून तांब्या भरून आली. पिंपळाजवळ उभी राहिली, काहीतरी पुटपुटली आणि शेजारी पाणपोईचा रांजण होता त्यात ओतून दिला. भन्तेंनी विचारलंसुद्धा नाही.

मामा : तिला ते कुणी शिकवलं? घागर मोर्च्यांनी.

भाची : घागर मोर्च्यात घागरी फोडतात, मामा. भरत नाहीत.

मामा : (हसत) बरं बाई. पण मग तूच सांग, सिद्धार्थानं घर का सोडलं?

भाची : हे मला तुमच्याकडूनच ऐकायचंय.

मामा : म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसलं आणि वैराग्य आलं, ही गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा माणूस दिसलाच नव्हता काय? त्यांनी रोहिणी नदीची हकिकत मांडली. अलीकडं शाक्य, पलीकडं कोलीय, दोघांची शेती एकाच पाण्यावर. आधी कुणी घ्यायचं यावरून चाकरांची मारामारी झाली. शाक्यांच्या संघात सेनापतीनं युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहून बोलला, आपल्याच लोकांनी आधी हात उगारला का ते बघा, पंच नेमा. मतदान झालं. तो हरला. मग लढाईला नकार दिला म्हणून दंड आला, तेव्हा घरच्यांवर बहिष्कार नको म्हणून त्यानं परिव्रज्या पत्करली. बाबासाहेबांच्या आधी धर्मानंद कोसंबींनीही ‘भगवान बुद्ध’मध्ये असाच विचार केलाय. त्यांनी सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताकडं बोट दाखवलं. तिथं बुद्ध स्वतः सांगतो की कमी पाण्यातल्या माशांसारखी माणसं तडफडताना, एकमेकांशी भांडताना बघून त्याला भय वाटलं.

भाची : कमी पाण्यातले मासे. हे वैशाखात लातूरला वाचायला पाहिजे.

मामा : नांदेडलाही. विष्णुपुरी धरण उशाला असून आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर फिरतात. वर नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की कोर्टकचेऱ्या. रोहिणी नेपाळच्या सीमेवर शोधायची गरज नाही, गोदावरीतच आहे. म्हणून मी म्हणतो, बुद्धपौर्णिमा हा पाण्याच्या भांडणातून उठून उभ्या राहिलेल्या माणसाचा दिवस आहे. अगरबत्तीचा नव्हे.

भाची : आणि मी म्हणते, तुम्ही गोष्ट मध्येच सोडता. जुन्या अट्ठकथांत हीच रोहिणी पुन्हा येते, ज्ञानप्राप्तीनंतर. दोन्हीकडचे हत्यारं घेऊन काठावर उभे. बुद्ध मध्ये जातो आणि विचारतो, पाण्याची किंमत काय? थोडीच. माणसांच्या रक्ताची? मोजता येत नाही. मग थोड्यासाठी अमोल ते का सांडता? आणि ते थांबतात. हे विचारण्याचं बळ त्याच्यात कुठून आलं? मधल्या वर्षांत तो पिंपळाखाली बसला ना? एकदा सभेत बोलून तो हरला होता, मामा. दुसऱ्यांदा त्याचं ऐकलं गेलं. दोन्ही वेळा पाणी तेच. मधे फरक पडला तो त्याच्यात.

मामा : म्हणजे बसायचं.

भाची : बसायचं, आणि उठून परत काठावर जायचं. तुम्ही मिरवणुकीनं काठापर्यंत नेता आणि तिथं डीजे लावता. पोरं नाचून घरी जातात. नळावरची बाई तिथंच उभी.

मामा : आणि तुझे लोक बारानंतर जेवत नाहीत, पण त्या बाईबद्दल बोलतही नाहीत. विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जातात, ग्रामसभेला एक तास येत नाहीत.

भाची : हे मात्र खरं बोललात.

मामा : तूही डीजेचं खरं बोललीस. पण मिरवणूक निघणार. मुख्य रस्त्यानंच.

भाची : निघू द्या. मी अष्टशील घेऊन चालेन तिच्यात. नाचायला तेवढं सांगू नका.

इथं त्यांचं एकमत झालं असं कुणी समजू नये. पौष पौर्णिमेला दाभडच्या महाविहारात धम्म परिषद भरते, तेव्हा हाच वाद दोघं तिथंही घालतील, आणि घालावा. मला स्वतःला मामांची बिंबिसाराची गोष्ट जास्त पटते, मात्र तिच्यातून निघणारा निकाल त्यांच्याही विरोधात जातो. भिक्खूंनी तेव्हा मौन धरलं याचा लोकांना राग आला, कारण त्यांना ऐकायचं होतं, बोलायचं होतं. आज आपल्याकडं काही विहारांत मौन आहे आणि काही रस्त्यांवर डीजे. दोन्हीकडं धम्मावर बोलणं होत नाही. खीर, पांढरे कपडे, मेणबत्त्या, मिरवणूक यांतलं काहीही वाईट नाही. पण पौर्णिमेचा मूळ कार्यक्रम बोलण्याचा होता आणि नेमका तोच पत्रिकेतून गळालाय. अध्यक्षीय भाषण म्हणजे तो कार्यक्रम नव्हे. नगरसेवकाच्या सत्काराबद्दल तर लिहीतही नाही.

तेव्हा नांदेड, लातूर आणि आसपासच्या गावांतल्या विहार समित्यांना एक विनंती. यंदाच्या वैशाखी पौर्णिमेला वंदना झाल्यावर, मिरवणूक निघण्याआधी, ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधलं रोहिणीच्या भांडणाचं प्रकरण कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. अर्धा तासही लागत नाही. मग माईक बायकांच्या बाजूला द्या आणि आपल्या वस्तीत पाणी कुणाला मिळतं, कुणाला मिळत नाही, एवढंच विचारा. त्या बोलतील ते समितीच्या वहीत लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा महापालिकेत वाचून दाखवा.